थकव्याला प्रमाणपत्र नाही

मा. आयुक्त, पनवेल महानगरपालिका यांस,


माझ्या यजमानांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, उजवा हात उचलता येतो, चालतातही स्वतःच्या पायांनी. त्यामुळे सोसायटीत सगळे म्हणतात, ‘आता ठणठणीत झाले!’ सकाळची आंघोळ आणि दाढी उरकली की हा माणूस पुन्हा आडवा होतो, हे कुणाला दिसत नाही. दोन पाहुणे एकदम बोलू लागले की ह्यांचे शब्द अडखळतात. हुरूप आला म्हणून बाजारात जाऊन आले, तर दुसरा अख्खा दिवस अंथरुणात. ‘जरा मनावर घ्या’ असं सांगणारे मात्र रोज भेटतात.

पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना हा थकवा गाठतो, असं जगभरचे अभ्यास सांगतात. अगदी सौम्य झटक्यानंतरही तो वर्षानुवर्षं राहू शकतो आणि झोप काढली तरी जात नाही. त्यावर खात्रीचं औषध नाही. पण रक्त कमी असणं, थायरॉईड, झोपेत श्वास अडणं, नैराश्य, काही गोळ्या यांनी तो वाढतो, आणि ही कारणं शोधता येतात. त्यासाठी आधी कुणीतरी विचारायला हवं. आमच्या प्रत्येक खेपेला रक्तदाब मोजला गेला, साखर मोजली गेली. थकवा मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली १९८९ पासून आहे. ती कुणी पुढे केली नाही.

आपली महापालिका २०१६ सालची, दिव्यांग हक्क कायदाही त्याच वर्षीचा. पण त्याचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अडतात, आणि हातापायांची ताकद तपासताना थकव्याचे गुण मिळत नाहीत. मग सीएसएमटीपर्यंतचा सव्वा तासाहून जास्तीचा लोकलचा प्रवास दिव्यांगांच्या डब्यातून करायची सोय नाही, आणि दिव्यांगांसाठी राखलेल्या पालिकेच्या ५ टक्के निधीतही वाटा नाही.

टक्केवारीचे नियम दिल्लीत ठरतात, ते आपल्या हातात नाहीत हे मी जाणते. पण आरोग्य केंद्रात पक्षाघाताचा रुग्ण आला की ‘दिवसात किती वेळा आडवं व्हावं लागतं?’ एवढं विचारायला आणि उत्तर केसपेपरवर लिहायला दिल्लीची परवानगी लागत नाही. प्रभाग कार्यालयात दिव्यांगांचं कार्ड न मागता टोकन आणि खुर्ची द्यायलाही नाही. (तिथे रांगेत उभं राहून दाखला मिळेपर्यंत ह्यांचा त्या दिवसाचा ताकदीचा कोटा संपलेला असतो.)

आपल्या कर्मचाऱ्यांतही कुणी पक्षाघातानंतर कामावर परतले असतील. सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही, असं कायदा सांगतो. नोकरी टिकते, ती निभावायची कशी, हा प्रश्न राहतो. अशांना दुपारी अर्धा तास पाठ टेकायला एक खोली आणि सुरुवातीला कमी तासांची पाळी मिळावी. पालिकेने हे स्वतःच्या इमारतीत आधी सुरू केलं, तर तळोज्यातल्या कारखानदारांकडे हीच मागणी करताना आपल्या शब्दाला वजन येईल.

आपली,
पनवेलची एक रहिवासी