छातीचं माप सांगता, मग दंडाचं का नाही?



दशलक्षण पर्वासाठी म्हणून मी दोन पांढरे सुती तयार ब्लाउज ऑनलाइन मागवले. कोपरापर्यंत बाह्या, वर आलेला गळा, मंदिरात शोभतील असे. तक्ता बघून 40 साइज निवडली. पार्सल आलं पर्वाच्या आदल्या संध्याकाळी. छातीला अगदी बरोबर, पण हात बाहीत निम्म्यावरच अडकला. सून म्हणाली, "आई, एक साइज मोठी घ्यायची होती." घेतली असती, पण मग तो खांद्यावरून उतरला असता. दंड भरलेले आणि खांदे अरुंद, आपल्यापैकी कितीजणींची हीच गत आहे!

खरं सांगते, आधी राग माझाच आला. वजन वाढलं, वय झालं, नको ते सगळं मनात आलं. पर्व जुन्याच ब्लाउजवर काढलं. मग एका दुपारी तो तक्ता नीट वाचला. छाती, कंबर, उंची, एवढीच तीन मापं. दंडघेर नाही, मुंढा नाही, शिवणीत दाबून कापड किती ठेवलंय तेही नाही. आणि हे 40 माझ्या अंगाचं की ब्लाउजचं? टेलर अंगाच्या मापावर थोडं लूज ठेवतोच, कुर्त्याला तर तीन-चार इंचसुद्धा. एवढा फरक असताना न सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाला अंदाजावर सोडणं.

दुकानात उघड्यावर विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांसाठी वैधमापनाचा 2022 चा नियम आहे: एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटीमीटरमधलं मापही द्यायचं. पण एक आकडा दिला की नियम पाळला जातो, कपडा बसतोच असं नाही. मुळात आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी परदेशी मापांचे तक्तेच थोडेफार बदलून वापरतात. म्हणून निफ्टने 'इंडियासाइज' ही पाहणी हाती घेतली. 6 शहरं, 25,000 माणसं, यंत्राने अख्ख्या शरीराची मापं. फार चांगलं काम आहे. वयोगट मात्र 15 ते 65. मी 66 ची, म्हणजे एका वर्षाने हुकले!

बी.कॉम. होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तरी हिशेबाची खोड जात नाही. कपडा परत गेला की जाण्याची आणि येण्याची दोन्ही भाडी कुणाच्या तरी खात्यावर पडतात. 'फ्री रिटर्न' म्हटलं तरी तो खर्च शेवटी किमतीत मिसळतो, म्हणजे ज्या बाईने काहीच परत केलं नाही तीही तो भरते. आणि ज्या परत करायचा कंटाळा करतात, त्यांच्या कपाटात तो कपडा पडून राहतो. अपरिग्रहावरचं प्रवचन ऐकून घरी यायचं आणि कपाटात न बसणारे चार कुर्ते, हे मला तरी खटकतं.

विक्रेत्याला यात अवघड काय आहे? प्रत्येक साइजचा एक कपडा टेबलावर पसरून टेप लावायचा. छाती, दंडघेर, मुंढा, खांदा, उंची. पहिल्या धुण्यात कापड किती आकसतं तेही लिहायचं. फोटोतल्या मुलीची उंची आणि तिने घातलेली साइजही लिहावी. काहीजण लिहितात, पण ती नेहमी सडपातळच असते.

तोवर मी एक करते. नीट बसणारा जुना ब्लाउज पसरून त्याची मापं वहीत लिहून ठेवली आहेत. मागवण्याआधी विक्रेत्याला विचारते, "40 च्या ब्लाउजचा दंडघेर किती?" पहिल्याने उत्तर दिलं, "मॅडम, तक्ता पाहा." त्याचं घेतलं नाही. दुसरीने टेप लावून सांगितलं, "साडेचौदा इंच, आत एक इंच दाब आहे." तिच्याकडून दोन घेतले.

ते आधीचे दोन टेलरकाकांकडे नेले होते. त्यांनी उलटून पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, उसवून काय करू? आत कापडच नाही."