पंचांचा निर्णय आणि खेळाडूची हरकत

'पंचांचा निर्णय अंतिम राहील' हे वाक्य प्रत्येक क्रीडास्पर्धेच्या नियमपत्रकात असते आणि ते असावेच. त्याविना कोणताही सामना पूर्णत्वास जाणार नाही. तथापि निर्णय अंतिम असणे व निर्णय निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत केली की हरकत घेणारा प्रत्येक खेळाडू उद्धट ठरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कबड्डीचेच पाहा. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा पाय अधांतरी होता की नाही, हे पंचाला क्षणार्धात ठरवावे लागते. तेथे नजरचूक संभवते. म्हणून खेळाडूने शंका विचारणे हा पंचाचा अवमान नव्हे.

अवमान मानला की काय घडते, याचा दाखला इतिहासात आहे. डिसेंबर १९८७ मध्ये फैसलाबाद कसोटीत इंग्लंडचे कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा यांच्यात भर मैदानात बोटे रोखून वाद झाला. गॅटिंग यांची भाषा निश्चितच निंद्य होती. परंतु माफी मिळेपर्यंत पंच मैदानात उतरेनात आणि कर्णधार माफी मागेनात. तिसऱ्या दिवशी एकही चेंडू टाकला गेला नाही.

याउलट फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटीत पंच हनुमंत राव यांनी बॉब टेलर यांना झेलबाद दिले. भारताचे कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी अपील मागे घेतले व पंचांनी ते मान्य केले. भारताने तो सामना दहा गड्यांनी गमावला. परंतु निर्णय फिरविल्यामुळे पंचांचा मान उणावला, असे कोणी म्हटले नाही.

फुटबॉलचा नियमही हेच सांगतो. आपला निर्णय चुकल्याचे पंचाच्या लक्षात आल्यास खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वी तो बदलता येतो, त्यानंतर नाही. आमच्या मते शालेय पंचाने हीच मर्यादा पाळावी. हरकत केवळ कर्णधाराकडून ऐकावी, सहपंचाला विचारावे, कारण एका वाक्यात सांगावे आणि खेळ सुरू करावा. त्यानंतर वाद नको. शिवीगाळ, धक्काबुक्की वा पुनःपुन्हा हुज्जत घालणाऱ्यास मात्र कार्ड दाखविण्यास कचरू नये. शिक्षा वर्तनाला असावी, प्रश्नाला नव्हे.

निवासी शाळेत हा विवेक अधिकच आवश्यक आहे. येथे शिट्टी बहुधा शिक्षकाच्याच हाती असते आणि वर्ग, वसतिगृह व प्रगतिपुस्तकही त्याच्याच हाती असते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याचे मौन म्हणजे त्याला निर्णय पटला असे नव्हे. ते भयही असू शकते. भयाने गप्प बसलेला मुलगा नियम शिकत नाही, तो केवळ बलवानापुढे वाकणे शिकतो. आणि उद्या शिट्टी त्याच्या हाती आली की तोही इतरांना तसेच वाकवू पाहतो.

म्हणून सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावून हरकत कोणी, केव्हा आणि कशी घ्यावी, हे पंचांनी स्वतःच समजावून द्यावे. मिनिटभराचे काम आहे. त्याने अर्धे तंटे उद्भवणारच नाहीत.