पुढारी तळ्यावर येतात, आमच्या दाव्यांवर कधी येणार?



यंदा २० मार्चला मेढ्याच्या आसपासच्या वाड्यांमधून आम्ही वीस-बावीस जण महाडला जाऊन आलो. केळघर घाट चढून महाबळेश्वर, मग आंबेनळी घाट उतरून पोलादपूर, तिथून महाड. टेम्पोचं भाडं वर्गणी काढून दिलं, भाकरी घरून बांधून नेल्या. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस होता. परत आल्यापासून वाडीवाडीत त्याच्यावरच बोलणं चाललंय. एका बैठकीत तर आवाज चढले. तेव्हा ठरलं की आमचं काय म्हणणं आहे ते पत्रिकेत लिहून काढू. जे आले नव्हते त्यांना कळेल, आणि ज्यांना पटत नाही त्यांना उत्तर देता येईल.

आधी काय पाहिलं ते सांगतो. लांबलांबून माणसं आली होती. पांढरी लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, निळे झेंडे घेतलेले तरुण. कुणी तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडाला लावत होतं, कुणी बाटलीत भरून घेत होतं. मग शिट्ट्या वाजल्या. पुढाऱ्यांच्या गाड्या आल्या. रांगेतल्या माणसांना बाजूला व्हायला लागलं. हार घातले, फोटो काढले, भाषणं झाली. एका पक्षाचा गेला की दुसऱ्या पक्षाचा आला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे त्या दिवशी एकच बोलत होते की आम्ही बाबासाहेबांच्या वाटेने चाललोय. उन्हात उभं राहून आम्ही ऐकलं. वनहक्क हा शब्द आमच्या कानावर एकदाही पडला नाही.

आता वाडीतली बोलणी. काही जण म्हणतात, "तो बौद्ध लोकांचा दिवस. आपण कातकरी. आपलं काय काम तिथं? टेम्पोच्या पैशात दाव्यांच्या झेरॉक्स झाल्या असत्या." काही तरुण साथी म्हणतात, "ही सगळी नाटकं आहेत. पुढारी असतात तिथं आपण जायचंच नाही." दोन-चार जण उलट खूश आहेत. ते म्हणतात, "मोठी मोठी माणसं तिथं वाकतात, हे काय कमी आहे? आपल्या आजाच्या वेळी असं झालं असतं काय?" आणि शेजारच्या बौद्धवाडीतला आमचा एक दोस्त म्हणाला, "पुढारी आले काय, न आले काय, आम्ही जातोच. आमचा दिवस त्यांच्या गाडीवर अवलंबून नाही."

या सगळ्यांचं आम्ही ऐकून घेतलं. पण आमच्या डोक्यात राहिलं ते एका आजीचं बोलणं. ती टेम्पोत आमच्याबरोबर होती. "आपलं काय काम तिथं" असं एकजण म्हणाला तेव्हा ती म्हणाली, "आरं, मी पोर असताना गावच्या हिरीवर आमाला रहाट धरू द्येत न्हवते. कुणी बाई दयेनं वरनं वतंल तवा वंजळीनं प्यायचं. न्हायतर वढ्याला झरा उकरायचा. मग त्ये तळं माजं न्हाय व्हय?"

तिच्यापुढं कुणी बोललं नाही. आम्हीसुद्धा बोलणार नाही. चवदार तळं आपलंही आहे. ज्याला ज्याला पाण्यावरून, वाटेवरून, जमिनीवरून "तू बाजूला हो" असं सांगितलं गेलं, त्या सगळ्यांचं ते आहे.

पण तिथं काय घडलं हे नीट समजून घ्यायला पाहिजे. भाषणात ते कुणी नीट सांगत नाही. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव, म्हणजे रावबहादूर सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव, मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. पण पाणी मिळालं का? नाही. तीन वर्षं तो कागद तसाच पडून राहिला.

मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. २० तारखेला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. कागदावरचा हक्क त्या दिवशी ओंजळीत आला. त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. अस्पृश्य आता देवळात शिरणार, अशी अफवा उठवून परिषदेच्या माणसांना मारहाण केली गेली. पाणी बाटलं म्हणून तळ्यात शेण-गोमूत्राचे घडे ओतून ते शुद्ध केलं गेलं. गुरंढोरं त्या तळ्यात उतरत होती, तेव्हा ते बाटलं नव्हतं. पुढं ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागं घेतला. डिसेंबरात दुसरा सत्याग्रह ठरला, तर कोर्टाची मनाई आली. २५ डिसेंबरला तिथं मनुस्मृती जाळली. कोर्टातली लढाई दहा वर्षं चालली आणि १९३७ च्या मार्चमध्ये हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला.

साथींनो, ही गोष्ट आपल्या ओळखीची वाटत नाही का? आम्हाला तर वाटते.

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. नियम २००८ ला आले. जंगलात राहणाऱ्या माणसांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं त्या कायद्यातच लिहिलंय. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासीच्या ताब्यात कसत असलेली वनजमीन चार हेक्टरपर्यंत त्याच्या नावावर व्हायला पाहिजे. आपल्या धनगर आणि इतर भावांसाठी मात्र ७५ वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या रहिवासाची अट आहे. दावा तपासायची सुरुवात ग्रामसभेपासून होते, कचेरीपासून नाही. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कुणाला हुसकून लावता येत नाही. एवढं सगळं कागदावर आहे.

आणि प्रत्यक्षात? आमच्यातल्या एका घराचा दावा एका कचेरीतून परत आला. सांगितलं काय, तर "जुना लेखी कागद आणा." आता कातकऱ्याच्या आजाकडे कागद कुठला? तो कोळसा पाडायचा, मध काढायचा, ओढ्याला मासे धरायचा. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलंच नाही. नियमात तर असं आहे की गावातल्या जुन्या माणसांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा. घराचं जोतं, बांध, विहीर, दफनाची जागा, हेही पुरावे. एकाऐवजी असे दोन पुरावे जोडले पाहिजेत, एवढंच. हे त्या टेबलावरच्या साहेबाला माहीत नव्हतं, की माहीत असून त्याने सांगितलं नाही, ते आम्ही कसं सांगणार? पण ते घर वर्षभर गप्प बसलं. आपलंच चुकलं असेल असं त्यांना वाटलं.

१९२४ चा ठराव आणि आपला कायदा, दोन्हींची अवस्था सारखीच आहे. ठराव मागं घेतला गेला तसंच आपल्या बाबतीतही होऊ शकतं. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे नाकारलेल्या माणसांना जंगलातून काढायचा आदेश दिला होता. देशभर आदिवासी रस्त्यावर आले आणि २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. मिळालेलं पाणी परत हिसकावलं जाऊ शकतं, हे महाडने शिकवलंय.

हे फक्त आपल्याच देशात होतं असंही नाही. अमेरिकेत सेल्मा नावाचं गाव आहे. तिथल्या काळ्या माणसांना मत देऊ दिलं जात नव्हतं. ७ मार्च १९६५ ला ती माणसं मोर्चा घेऊन पुलावर आली, तेव्हा पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं. त्याच वर्षी मताच्या हक्काचा कायदा झाला. २०१५ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि आधीचे राष्ट्राध्यक्ष बुश, दोन वेगळ्या पक्षांचे, त्या पुलावर आले. बरोबर जॉन लुइस होते. १९६५ ला त्याच पुलावर त्यांचं डोकं फुटलं होतं. पण त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१३ ला, तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यातला एक मोठा आधार काढून टाकला होता. म्हणजे पुलावर सोहळा, आणि ज्याच्यासाठी रक्त सांडलं तो कायदा लंगडा. सोहळा मोठा झाला म्हणून हक्क मोठा झाला असं होत नाही.

मग पुढाऱ्यांनी येऊच नये का? आमच्या तरुण साथींशी आमचं इथं जमत नाही. पुढारी यावेत. त्यांना मत आपण दिलंय, पगार आपल्याच पैशातून जातो. न आले तर आपण कुणाला विचारणार? पण येताना हातात हार सोडून आणखी काहीतरी असावं.

असं होऊ शकतं. गडचिरोलीत मेंढा-लेखा नावाचं गोंडांचं गाव आहे. आपल्या मेढ्याच्या नावात आणि त्यांच्या नावात एका टिंबाचा फरक. त्या गावाने वर्षानुवर्षं अभ्यास केला, सगळ्यांच्या सहमतीने ग्रामसभा चालवली, आणि २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्क मिळाला तरी बांबू गावाबाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. गाव भांडत राहिलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश त्या गावात गेले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण, आपल्या कऱ्हाडचेच, तेही होते. आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक देवाजी तोफांच्या, म्हणजे गावाच्या, हातात दिलं. तिथंही मांडव होता, भाषणं होती. पण मांडव उतरल्यावर गावाकडे ते पुस्तक राहिलं आणि बांबूचा पैसा गावाच्या खात्यात आला.

म्हणून आम्ही सोहळ्याला एकच माप लावतो. गाड्या निघून गेल्यावर माणसांच्या हातात काय उरलं?

हे माप आपल्यालाही लावलं पाहिजे. आपण ९ ऑगस्टला आदिवासी दिन करतो. डफ वाजवतो, नाचतो, फोटोला हार घालतो. चांगलंच आहे. पण त्याच महिन्यातल्या आमच्या एका ग्रामसभेत कोरम भरला नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात आणि हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात. बाया दाराबाहेर बसल्या होत्या, आत कुणी बोलावलंच नाही. काही जण ऊसतोडीची उचल घ्यायला मुकादमाकडे गेले होते. पोटासाठी जावं लागतं, त्यांना दोष देत नाही. पण बायांना बाहेर बसवलं त्याला मुकादम जबाबदार नाही, आपण आहोत. पुढाऱ्याला नावं ठेवताना हेही आठवावं.

२०२७ च्या २० मार्चला त्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. स्टेज आणखी मोठं होईल, गाड्या आणखी येतील. आमचं म्हणणं असं की आपण जायचं. बौद्धवाडीतल्या भावा-बहिणींबरोबर एकाच टेम्पोतून जायचं. पण त्याच्या आधी इथं काम करून जायचं. प्रत्येक वाडीने वनहक्क समितीची वही पुरी करावी. जुन्या माणसांचे जबाब आत्ताच लिहून घ्यावेत, कारण माणूस गेलं की तो पुरावाही जातो. परत आलेल्या प्रत्येक दाव्याचं कारण लेखी मागावं. तोंडी "नाही" ऐकून उठू नये. ठरावाची किंवा निर्णयाची प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते, ती मागावी. आणि नुसत्या जमिनीवर थांबू नये, सगळ्या वाडीच्या सामूहिक हक्काचा दावा करावा. सरपण, मध, मासे, चराई, सगळं त्यात येतं. कोयनेच्या अभयारण्याला आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून राहणाऱ्या वाड्यांना तर हे जास्तच लागू आहे. अभयारण्यातही हा कायदा चालतो, हे लक्षात ठेवा.

मग महाडला जो पुढारी भेटेल, कुठल्याही पक्षाचा, त्याच्या हातात अडकलेल्या दाव्यांची यादी द्यायची आणि पोच घ्यायची. तारीख लिहून घ्यायची. पुढच्या अंकात ती यादी छापू, सहा महिन्यांनी पुन्हा छापू, आणि कुणी काय केलं ते समोर लिहू.

आजी या वेळी तळ्यावर पाणी प्यायली. पायऱ्या उतरताना तिने कुणाचा हात धरला नाही. परत येताना टेम्पोत तिने विचारलं, "आता माज्या जमिनीचा कागुद कवा?" आम्ही गप्प बसलो. पुढच्या २० मार्चला तरी आमच्याकडे उत्तर असावं, एवढंच.

जंगल आमच्या हक्काचं, नाही कुणाच्या बापाचं!