सॉफ्टवेअरची बैअत कशाला?

संगणकाविषयी प्रश्न विचारणारा माणूस चारचौघांत स्वतःचे अज्ञान उघडे करत असतो. त्याला धीर लागतो. अशा माणसाला मदतीच्या गटात पहिले उत्तर काय मिळते? ‘गुगल करता येत नाही का?’ दुसरे उत्तर हसणाऱ्या चेहऱ्यांचे. तिसरे उत्तर, ‘ते भंगार वापरताच कशाला, आमचे घ्या.’ मूळ प्रश्न तसाच राहतो आणि माणूस निघून जातो. याला ज्ञान म्हणायचे की मस्ती?

हा किरकोळ शिष्टाचाराचा मुद्दा आहे असे कोणी समजू नये. मराठीत तर मुळीच नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी होती. एका दुकानात टाइप केलेली फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसायचा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी जुन्या फॉन्टमध्ये अडकलेला मजकूर आजही घराघरांत पडून आहे. उर्दूवाल्यांचेही तेच. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने उर्दू छपाईचे कष्ट कमी केले, पण त्याच्या जुन्या फाइलींतला मजकूर युनिकोडमध्ये आणताना नाकी नऊ येतात. निवृत्त मास्तर, घरातली पहिली शिकणारी मुलगी, मदरशात हिशेब ठेवणारा मुन्शी, असे लोक हे प्रश्न घेऊन येतात. त्यांना हाकलले की त्यांच्याजवळचा मजकूरही जातो. नुकसान भाषेचे होते.

दुसरा रोग निष्ठेचा. विंडोजवाले, लिनक्सवाले, अँड्रॉइडवाले, अ‍ॅपलवाले. जणू बैअतच घेतली आहे! कोणी म्हणाले, ‘या फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, मराठी वळणाचे हवेत,’ तर ती तक्रार नसते, मदत असते. मराठी ल आणि श कसे लिहावेत हे शासनाने २००९ मध्ये अधिकृतपणे ठरवून दिले आहे. पण निष्ठावंतांना त्यात शत्रू दिसतो. ‘फुकट मिळते ते वापरा, नाहीतर चालते व्हा.’ अशाने फॉन्ट सुधारत नाही, फक्त सांगणारा गप्प होतो. दोष लपवणारा हा त्या सॉफ्टवेअरचा मित्र कसा?

निष्ठा कशी असते हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. कोकणातले मुसलमान ज्यांच्या मजहबवर चालतात ते इमाम शाफई मदिनेत इमाम मालिक यांच्याकडे शिकले. पुढे अनेक मसल्यांत त्यांनी आपल्या उस्तादांपेक्षा वेगळे मत मांडले, लिहूनही ठेवले. पण उस्तादांचा आदर कमी केला नाही. इमाम अबू हनीफांचे शागीर्द इमाम मुहम्मद यांच्याकडेही ते शिकले. मतभेद आणि अदब एकाच माणसात राहू शकतात. आणि इमाम मालिक? कितीतरी प्रश्नांवर ‘मला माहीत नाही’ म्हणून मोकळे होणारे. आपल्या गटांत ‘मला माहीत नाही’ लिहिणारा एक तरी दाखवा! ज्याला ठाऊक नाही तोच आधी टिंगल करतो.

काही जण म्हणतील, कडक बोलल्याशिवाय दर्जा राहत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा दाखला देतील. त्यांच्या फटकळ पत्रांची ख्याती जगभर होती, हे खरे. पण दाखला पुरा द्या. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याच टोरवाल्ड्स यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही आठवडे कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. लिनक्स त्यानंतर बंद पडले नाही. चुकीचा कोड नाकारायला शिवी लागत नाही, ‘हे चालणार नाही, कारण असे’ एवढे पुरते.

विचारणाऱ्यांनाही सोडत नाही. ‘मोबाईल चालत नाही, अर्जंट सांगा’ हा प्रश्न नव्हे, हुकूम आहे. कोणते यंत्र, कोणती आवृत्ती, पडद्यावर नेमके काय आले, आपण काय करून पाहिले, हे लिहायला पाच मिनिटे लागतात. समोरचा पगारी नोकर नाही. उत्तर मिळाले की दोन शब्द शुक्रियाचे लिहावेत, आणि कोणत्या उपायाने काम झाले तेही लिहावे, म्हणजे पुढच्याचा वेळ वाचेल. काम होताच गायब होणारे लोक मदत करणाऱ्यांना कडवट करतात. चोरीचे सॉफ्टवेअर मागणाऱ्यांनी तर हलाल-हरामवर प्रवचने देऊ नयेत.

आमच्या शहाडहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायला जागा मिळते. ‘जरा सरका’ म्हटले की लोक सरकतात. सरकणारा त्याला विचारत नाही की तू कोणत्या गावचा, कोणत्या धर्माचा. भांडणे होतात, पण चौथ्या सीटचा हक्क कोणी नाकारत नाही. तोच माणूस त्याच बाकावर मोबाईल काढतो आणि अनोळखी माणसाला ‘अडाणी’ लिहून मोकळा होतो. समोर चेहरा नाही, म्हणून अदबही नाही?

सूरह हुजुरातमध्ये टिंगल करण्याला आणि वाईट नावे ठेवण्याला मनाई आहे. ती मनाई समोरासमोरच्या बोलण्यापुरती आहे असे कोणत्या आलिमने सांगितले? आणि ज्या इल्मचा लोकांना फायदा होत राहतो ते माणसाच्या मागेही सवाब देत राहते, हे आपण जनाज्याच्या वेळी एकमेकांना सांगतो. नीट लिहिलेले एक उत्तर दहा वर्षांनीही कोणाची तरी फाइल वाचवते. सदका-ए-जारिया याहून स्वस्त कुठे मिळेल?

तेव्हा निष्ठा ठेवायचीच तर विचारणाऱ्याशी ठेवा, कामाशी ठेवा. कंपन्यांची बाजू मांडायला त्यांचे वकील आहेत.