टिल्लू पंप किलोवर घालू नका



आंबेठाणला शिबिराला आलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना तळेगाव-चाकण रस्ता आठवत असेल. त्या बाजूलाच, इंद्रायणीच्या काठी, मावळातले वराळे गाव आहे. वर लोणावळ्याच्या डोंगरावर पाऊस असा कोसळतो की तिथल्या तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीला उतरवून त्यावर वीज केली जाते. आमच्या कपाशी-ज्वारीच्या मुलखातल्या माणसाने हे ऐकून सुस्कारा टाकावा. पण आज आम्हाला वराळ्याच्या पाण्याबद्दल लिहायचे नाही. तिथल्या भंगाराबद्दल लिहायचे आहे.

या पट्ट्यात कारखाने आले, मागोमाग चार-पाच मजली इमारती आल्या. इमारतीत राहणाऱ्याचे कपडे धुण्याचे यंत्र बिघडले की तो दुरुस्त करणाऱ्याच्या नादी लागत नाही. जुने देऊन नवे आणतो. जुने भंगारवाल्याकडे जाते, त्याच्यावर हातोडा पडतो, पत्रा वेगळा, प्लॅस्टिक वेगळे, आणि आतला पंप मूठभर तांब्यासाठी फोडला जातो. हल्ली त्यात तांबे निघेलच असे नाही, पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची तार निघते आणि फोडणाराच कपाळावर हात मारतो. बिघाड बहुधा दुसरीकडे असतो, पाटीत, दाराच्या कुलपात किंवा बेअरिंगमध्ये. पंप धडधाकट असताना मरतो.

आणि हे फक्त शहराचे नाही. वऱ्हाड-नागपूरकडे घरोघर कूलर आहे. उन्हाळा सरला की पत्रा गंजलेला कूलर किलोवर जातो, आणि त्याच्या तळाशी बसलेला टिल्लू पंपही जातो. याच नावाच्या नळावर लावायच्या मोठ्या भावाला शहरात उन्हाळ्यात महापालिकेची माणसे जप्त करत फिरतात. आमच्याकडे मात्र टिल्लूला कोणी विचारत नाही.

आता हे पंप काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत, ते आधी स्वच्छ बोलू. एक एकर रानाला एक इंच पाणी द्यायचे म्हणजे एक लाख लिटरहून थोडे अधिक पाणी. धुण्याच्या यंत्राचा पंप मिनिटाला पंधरा लिटरच्या आसपास फेकतो, तेही डोक्याइतक्या उंचीलासुद्धा नाही, कमरेइतक्या. तासाला नऊशे लिटर धरा. एक एकर ओलवायला त्याला एकशे चौदा तास लागतील, म्हणजे जवळजवळ पाच दिवस आणि पाच रात्री. तो तेवढा चालणारही नाही. यंत्रातले पाणी दोन-चार मिनिटांत बाहेर काढायचे, एवढ्याच कामासाठी तो घडवलेला असतो. तापला की आपोआप थांबतो, आणि पुन्हा पुन्हा तापवला की कायमचा थांबतो. म्हणून या पंपावर ज्वारीला संरक्षित पाणी देऊ असे कोणी सभेत सांगू लागला, तर त्याला प्रेमाने खाली बसवा.

पण दोनशे लिटरचा ड्रम भरायला त्याला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. मध्ये एकदा विसावा द्या. एका एकराच्या फवारणीला साधारण तेवढेच पाणी लागते. हौदातून ड्रममध्ये, ड्रममधून पाठीवरच्या पंपात हे पाणी आज कोण भरते? घरची बाई, कळशीने. कोरडवाहू शेतीच्या खर्चाचा हिशेब मांडताना या कळशा कोणी मोजत नाही. गुरांचा हौद भरणे, पिशवीतल्या कपाशीच्या रोपांना नांगे भरायच्या दिवसांपर्यंत जगवणे, परसातली चार वांगी-मिरच्या, ही सगळी कामे टिल्लूच्या आवाक्यातली आहेत.

तीन जाती ओळखून ठेवा. कूलरचा पंप पाण्यात बुडवून चालवायचा, पाच-सहा फूट चढवतो, आणि तिघांत तोच जास्त वेळ चालायला बनलेला आहे. धुण्याच्या यंत्राचा पंप समोरून दार असलेल्या यंत्रात हमखास मिळतो. गावात जास्त खपणाऱ्या दोन टाक्यांच्या अर्ध-स्वयंचलित यंत्रात बहुधा पंप नसतोच, पाणी नळीने आपसूक खाली जाते, तेव्हा ते फोडून हात काळे करू नका. तिसरा पंप आरओ मशीनचा. हा मिनिटाला लिटर-दीड लिटरच देतो, पण जोर मोठा, दुमजली घराच्या गच्चीवरही पाणी नेतो. तो चोवीस व्होल्टच्या बॅटरी-प्रवाहावर चालतो, म्हणजे बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की झाले. बॅटरीवरच्या फवारणी यंत्रातला पंप याच कुळातला असतो.

तिघांचीही परीक्षा एकच. पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ. पाइप हळूहळू उंच धरा, धार कुठे तुटते ते पाहा आणि त्याच्या निम्म्या उंचीवर काम घ्या. तोंडाला जाळी लावा. कोरडा चालवू नका, कूलरच्या आणि धुण्याच्या यंत्राच्या पंपाचे वंगण आणि गारवा दोन्ही पाणीच असते.

इथे एक गोष्ट कडक शब्दांत. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी येते. जुन्या पंपाचा मसाला तडकलेला असतो, वायर विटलेली असते, आणि आपण अनवाणी ओल्या मातीत उभे असतो. २३० व्होल्टचा पंप लोखंडी ड्रममध्ये सोडून त्याच पाण्यात हात घालणे म्हणजे फासात मान देणे. अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नसेल तर विजेवरचा जुना पंप लावूच नका, आरओचा घ्या, बॅटरीवर चालवा. आणि विषाच्या पाण्याला जो पंप लागला तो गुरांच्या आणि माणसांच्या पाण्याला पुन्हा लागता कामा नये. त्याला लाल रंगाचा पट्टा मारा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि शेतमजूर मेले, ते आपण विसरलेलो नाही.

आता मुख्य मुद्दा. असले काही केले की शहरातला लिहिणारा वर्ग कौतुकाने येतो. बघा आमचा हुशार शेतकरी, भंगारातून पंप करतो, याला अनुदान कशाला, भाव कशाला! हे कौतुक आम्हाला नको. २०२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला, आणि १९ ऑगस्टला आयातीवरचा ११ टक्के कर उठला. ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, नेमक्या आमच्या वेचणीच्या दिवसांत. ज्याचा घामाचा दाम असा कापला जातो, त्याने भंगारातला पंप काढला तर ती त्याची हौस नव्हे. कपाशीला भाव मिळाला तर आम्ही दुकानातून नवा पंप आणू, पावतीसह. जुना पंप काढणे हा भावाच्या लढाईला पर्याय नाही.

पण तोवर हातातली वस्तू फुकट घालवायची, यातही शहाणपण नाही. आणि यात सरकारकडे मागण्यासारखेही काही आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत कंपन्यांना प्रमाणपत्रे मिळवावी लागतात, ती सोने, तांबे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम किती परत काढले यावर. दुरुस्त करून वापरण्याला नियमात जागा आहे, पण मुख्य हिशेब धातूच्या वजनाचा. चालू पंप आणि फोडलेला पंप, वजनकाट्याला दोन्ही सारखेच. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या यादीत घरगुती यंत्रांबरोबर शेतीची अवजारेही आहेत. आमचे म्हणणे साधे आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या, जोडणीचा नकाशा यंत्राच्या आत चिकटवा, आणि चालू सुटा भाग भंगारातून विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला चोर समजू नका. आम्ही दान मागत नाही, किलोचा भाव मोजून घेतो.

वराळ्याच्या शेजारी तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो माणशी एकेक पैसा गोळा करून. आम्ही त्याहून हलकी गोष्ट मागतो. येत्या जिल्हा बैठकीला ज्याच्या घरी बंद कूलर, आरओ किंवा धुण्याचे यंत्र पडून असेल त्याने त्यातला पंप घेऊन यावा. मोटार भरणारा एक कारागीर बैठकीच्या जागी बसवायचा, त्याची मजुरी वर्गणीतून द्यायची. बादली-घड्याळाची परीक्षा सर्वांसमोर होईल, चालला तो पंप मालकाने परत न्यावा किंवा गरजू भावाला वजनाच्या भावात द्यावा. येताना पंपाच्या मुळाशी वायर कापू नका, वीतभर तरी राहू द्या. आणि पाइपाची क्लिप यंत्रातच विसरू नका.