अठ्ठावन्न लाख वर्षांची भाऊबंदकी

गेल्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न झालं. हॉल मोठा, जेवण फर्स्ट क्लास, फोटोग्राफर महागडा. फक्त बाबा आणि काका हॉलच्या दोन टोकांना! फॅमिली फोटोसुद्धा वेगवेगळ्या बॅचमध्ये. एकाच चाळीतल्या एकाच खोलीत वाढलेले हे सख्खे भाऊ आहेत, हे नवख्या पाहुण्याला सांगूनही पटलं नसतं.

नेमका त्याच आठवड्यात मी लघुग्रहांबद्दल वाचत होतो. (ऑफिसात, एक्सेलच्या शीटमागे विंडो लपवून. बॉसला सांगू नका.) आणि लक्षात आलं, वर आकाशातही सेम टू सेम सीन आहे.

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरतायत. १९१८ साली कियोत्सुगु हिरायामा या जपानी खगोलशास्त्रज्ञाला दिसलं, की त्यातल्या काहींच्या कक्षांचा आकार आणि तिरकेपणा संशय यावा इतका सारखा आहे. म्हणजे हे एकाच मोठ्या दगडाचे तुकडे असणार. त्याने त्यांना चक्क ‘कुटुंबं’ म्हटलं. कोरोनिस, इओस आणि थेमिस ही पहिली तीन घराणी.

ठीक आहे, नातं कळलं. पण घर फुटलं कधी?

खरी गंमत इथेच आहे. कक्षेचा आकार फारसा बदलत नाही, पण गुरू-शनीच्या ओढीने तिची दिशा हळूहळू फिरत राहते आणि प्रत्येक तुकड्याची थोड्या वेगळ्या स्पीडने. कॉलेजच्या गेटवरून दहा बाइक्स एकत्र निघाल्या आणि प्रत्येकीचा वेग किंचित वेगळा असला, तर तासाभराने त्या कुठल्या कुठे पांगतात ना, तसंच. आज बघाल तर प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. मग करायचं काय? फिल्म उलटी फिरवायची!

२००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोत डेव्हिड नेस्वोर्नी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच केलं. कोरोनिस कुटुंबातच त्यांना कारिन नावाच्या लघुग्रहाभोवती ३९ जणांचा एक छोटा गट सापडला होता. म्हणजे फुटलेल्या घरात पुन्हा फाटाफूट. आपल्याला काय नवीन आहे म्हणा! त्यातल्या ज्यांच्या कक्षा नीट माहीत होत्या, त्यांना कॉम्प्युटरवर मागे मागे नेलं. दहा लाख वर्षं मागे, काही नाही. तीस लाख, तरी पसाराच. आणि ५८ लाख वर्षांपूर्वी सगळ्यांच्या दिशा एकदम एका रेषेत! टक्कर झाली ती तेव्हा.

आणि ‘आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणू नका. २०२४ मधल्या संशोधनानुसार पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांपैकी साधारण ७० टक्के अशा तीनच तुलनेने ताज्या फाटाफुटींमधून येतात. कारिन त्यातलीच एक. जुन्या भांडणाचे तुकडे अजून आपल्याच डोक्यावर पडतायत!

पण एक लोचा आहे. ही युक्ती कायम चालत नाही. उन्हाने तापलेला दगड उष्णता बाहेर टाकतो, त्याचा बारीकसा धक्का त्यालाच बसतो आणि कक्षा सरकते. मोजमापातली छोटी चूकही मागे जाता जाता फुगत जाते. साधारण एक कोटी वर्षांच्या पलीकडे सगळं धूसर. थेमिससारख्या अब्जावधी वर्षं जुन्या घराण्याची फिल्म अशी उलटी फिरवताच येत नाही. उशीर झाला की पुरावाच पुसला जातो.

हे वाचलं आणि आत्याची आठवण झाली. ती ७८ वर्षांची आहे.

बाबांच्या मते भांडण २००९ चं, फ्लॅटच्या सह्यांवरून. काकांच्या मते २००५ चं, घरचा गणपती कोणाकडे यावरून. मी आणि चुलतभावाने दोन्ही व्हर्जन्स शेजारी शेजारी ठेवून पाहिली. जुळेनात. शेवटी आत्याला फोन लावला.

“अरे, ते नंतरचं सगळं,” ती म्हणाली. “१९९१. तुमचे आजोबा गेले तेव्हा. तुझ्या बाबाने काकासाठी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला होता. तो त्याला मिळालाच नाही. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुद्दाम कळवलं नाही असंच त्याला वाटत राहिलं.”

“मग तू कधी बोलली का नाहीस?”

“मला कोणी विचारलं का रे?”

येत्या रविवारी आमच्याकडे जेवण आहे. बाबांना सांगितलंय काका येणारेत. काकांना सांगितलंय बाबा असणारेत. दोघांनीही अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. आत्या मात्र नक्की येतेय.

तुमच्याही घरात अशी एखादी आत्या असेल. या वीकेंडला मल्टिप्लेक्स राहू दे. तिला फोन करा.