जुनी आंब्याची बाग घेतलीत? सगळी कलमं एकदम छाटू नका!



गेल्या महिन्यात आपल्या बॅचमधल्या एकाचा फोन आला. "सर, रत्नागिरीजवळ हापूसची जुनी बाग घेतली. 60 कलमं आहेत, पण कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही. नुसतं रान माजलंय. यंदा सगळी छाटून टाकतो, एकदाच काय तो खर्च!"

मी एवढंच विचारलं, "आणि बँकेचा हप्ता कशातून भरणार?"

तो गप्प.

बघा, छाटणी करायलाच हवी. कलमं एकमेकांत शिरली की आत ऊन जात नाही. मोहोर येतो तो ऊन मिळणाऱ्या शेंड्यांवर. मग आंबा लागतो पार वर. फवारणी पोचत नाही, काढणीला माणूस चढायला तयार होत नाही. पण मुख्य फांद्या छाटलेल्या कलमाला साधारण दोन-तीन वर्षं आंबा धरत नाही. 60 एकदम छाटलीत, तर तेवढा काळ गल्ला रिकामा!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, तीन टप्पे करा. दरवर्षी 20. बाकीची कलमं तोवर घर चालवतील.

त्याआधी एक हंगाम फक्त बाग ओळखा. प्रत्येक कलमाला नंबर द्या, कुणी किती आंबा दिला ते वहीत लिहा. सगळ्यात कमी देणारी पहिल्या टप्प्यात. रान काढा, सुकलेल्या फांद्या काढा. बांडगूळ वरवर ओरबाडू नका, ते पुन्हा फुटतं; फांदीच थोडी खालून कापा. खोडातून भुसा पडत असेल तर भिरूड आहे, तिचा बंदोबस्त आधी.

जाड फांदी कापताना पहिला काप खालून घ्या, नाहीतर साल सोलत खाली येते. कापावर लगेच बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. नंतर झुडपासारखी फूट येईल, तिची विरळणी करा. छाटणी कधी आणि किती उंचीवर करायची, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारून ठरवा. यूट्यूबवर बघून नको, माझ्यासुद्धा नाही!

आता धंद्याची गोष्ट. विकणारा "60 कलमं" म्हणतो आणि आपण 60 कलमांचे पैसे मोजतो. माझ्या मते हीच खरी चूक. छाटणीची मजुरी आणि आंबा न येणाऱ्या वर्षांचं नुकसान आधी कागदावर मांडा, तेवढं किमतीतून कमी करून मागा. मालक तयार नसेल तर हात जोडून निघून या.

त्या मुलाने व्यवहार आधीच केला होता. पण चेनसॉवाल्याला त्याने सध्या थांबवलंय. आता तो वही घेऊन बागेत फिरतोय.

तुम्ही बाग बघायला जाल, तेव्हा वही आधीच घेऊन जा.